मालक, मोतद्दार आणि मालिश : मराठी परंपरेतील अश्वमर्दनाचा विचार

रायपूर येथील समता कॉलोनीसारख्या नागर वस्तीत आज घोडा दिसतो तो बहुधा लग्नसराईत. सजवलेली घोडी, तिच्या पाठीवर नवरदेव आणि लगाम धरून चालणारा एक माणूस एवढेच दृश्य वरातीतील मंडळींच्या लक्षात राहते. वरात संपल्यावर खोगीर उतरवून त्या घोडीचे अंग कोणी चोळले काय, डांबरी रस्त्यावर तासन्‌तास उभे राहिलेले तिचे पाय कोणी पाहिले काय, असा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. अडीच शतकांपूर्वी छत्तीसगढाच्या याच प्रदेशात नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि त्या सत्तेचा आधार घोडदळ हा होता. तेव्हा हा प्रश्न राज्यकारभाराचा होता. तो पुढे लोकव्यवहारातून कसा नाहीसा झाला आणि अलीकडे ‘अश्व-क्रीडामालिश’ या नव्या नावाने मालकवर्गापुढे कसा परत आला, याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

घोड्याच्या अंगमर्दनाचा इतिहास लिहिताना एक अडचण प्रारंभीच जाणवते. अश्वशास्त्रावरील ग्रंथ पुष्कळ आहेत. परंतु ते ज्यांच्यासाठी लिहिले गेले ते वाचक राजे, सरदार आणि घोडेखरेदी करणारे धनिक होते. ज्याचा हात प्रत्यक्ष घोड्याच्या अंगावरून फिरत असे, तो माणूस बहुधा लिहिणारा नव्हता आणि वाचणाराही नव्हता. त्यामुळे ग्रंथांनी मालकाचा डोळा जपला आणि सेवकाचा हात केवळ बोलीतील शब्दांत शिल्लक राहिला. हे अंतर लक्षात घेतल्याशिवाय आजच्या अश्वमालकाने मालिशाविषयी काय जाणावे, या व्यावहारिक प्रश्नाचेही नीट उत्तर देता येत नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

१. ग्रंथांची परंपरा : डोळा आणि हात

घोड्याच्या शिक्षणावरील ज्ञात ग्रंथांत अत्यंत प्राचीन असा ग्रंथ मातीच्या विटांवर लिहिलेला आहे. आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकॉय येथे, म्हणजे हित्ती राज्याच्या जुन्या राजधानीत, तो सापडला. त्याचा काळ इसवी सनापूर्वीचे चौदावे शतक असा सामान्यतः मानला जातो. मितन्नी देशाचा अश्वशिक्षक किक्कुली याचे हे कथन आहे. घोड्यांना किती पळवावे, केव्हा धुवावे, केव्हा पांघरूण घालावे, काय खाऊ घालावे याचा अनेक महिन्यांचा दिनक्रम त्यात आहे. त्यातील फेऱ्यांच्या संज्ञांत एक, तीन, पाच, सात, नऊ या संख्यांची भारतीय-आर्य रूपे येतात, म्हणून भाषाशास्त्रज्ञांना तो परिचित आहे. येथे मात्र त्याचा दुसरा विशेष महत्त्वाचा आहे. हा ग्रंथ शिक्षकाच्या स्वतःच्या नावाने आणि त्याच्या व्यवसायाच्या उल्लेखाने उघडतो. घोड्याची नित्य देखभाल करणारा माणूस ‘मी अमुक सांगतो’ असे म्हणतो, ही गोष्ट पुढील परंपरेत फार विरळ झाली.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याच्या अश्वविद्येवरील ग्रंथात वक्ता बदललेला दिसतो. तो स्वतः अनुभवी स्वार होता. पण तो बोलतो मालकाशी. तबेला अशा जागी असावा की घोडा मालकाच्या दृष्टीस वारंवार पडेल, असे तो सांगतो. घोड्याच्या पाठीचा कणा कोणत्याही साधनाने घासू नये, तो केवळ हाताने आणि केसांच्या दिशेने चोळावा, म्हणजे बसण्याच्या जागेस इजा होणार नाही, ही त्याची सूचना आजच्या मालिशतज्ज्ञासही मान्य होण्यासारखी आहे. मात्र हे काम सेवकाचे आहे आणि मालकाने ते नीट होते की नाही एवढे जाणावे, अशी कामाची वाटणी त्याने गृहीत धरली आहे.

भारतीय परंपरेत शालिहोत्र हे नाव अश्ववैद्यकाचे पर्यायी नावच होऊन बसले. नकुलाच्या नावावरील ‘अश्वशास्त्र’ आणि ‘अश्वचिकित्सित’, तसेच जयदत्तकृत ‘अश्ववैद्यक’ हे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. जयदत्ताचा ग्रंथ १८८०च्या दशकात कलकत्त्याच्या ‘बिब्लिओथेका इंडिका’ मालेत छापला गेला. नकुलाचे ‘अश्वशास्त्र’ १९५२ मध्ये तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने रंगीत चित्रांसह प्रकाशित केले. या ग्रंथालयाची वाढ ज्या मराठी राजाच्या नावाशी निगडित आहे, त्या दुसऱ्या सरफोजींच्या (राज्यकाल १७९८–१८३२) संग्राहक वृत्तीमुळे मराठी भाषकांचा या शास्त्राशी असलेला संबंध महाराष्ट्राबाहेरही टिकला.

या ग्रंथांतून घोड्याचे वर्ण, वय, चाल, अवयवांची मापे आणि विशेषतः अंगावरील आवर्त, म्हणजे केसांचे भोवरे, यांना मोठे स्थान आहे. तेल, स्वेद, लेप आणि ऋतुचर्या यांची विधाने त्यांत आहेत. पण चोळणाऱ्या हाताने कोठे दाबावे, कोठे थांबावे, घोड्याने अंग आखडल्यास काय समजावे, याविषयी ते फारसे बोलत नाहीत. ते ज्ञान सेवकास असणारच, असे ग्रंथकारांनी धरून चाललेले दिसते.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तील अश्वाध्यक्षाचे प्रकरण या बाबतीत वेगळे आहे. त्यात घोडा बांधणारा, चारा आणणारा, अन्न शिजविणारा, थानाची देखरेख करणारा, केस कापणारा आणि विषवैद्य असे सेवकवर्ग स्वतंत्रपणे मोजले आहेत. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान सांगितले आहे. उपचारांतील हयगयीमुळे रोग वाढल्यास उपचारखर्चाच्या दुप्पट दंड ठरविला आहे. म्हणजे घोड्याच्या शरीराची हेळसांड हा केवळ दयेचा विषय नसून उत्तरदायित्वाचा विषय आहे, ही जाणीव राज्यशास्त्राने फार आधी नोंदविली. फक्त दंड भोगणारा सेवक आणि वैद्य होता. मालक तो ठरविणारा होता.

कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ (बारावे शतक) मराठी वाङ्मयेतिहासकारांना त्यातील जुन्या मराठी पदांच्या अवशेषांमुळे ठाऊक आहे. त्याच ग्रंथात वाजिवाह्याली, म्हणजे घोड्यावरून चेंडू खेळण्याच्या क्रीडेचे वर्णन आहे. मराठी पदांचे हे जुने अवशेष आणि अश्वक्रीडेचा हा वृत्तांत एकाच दरबारी ग्रंथात शेजारी राहतात, हा योगायोग अभ्यासकांनी आजवर फारसा लक्षात घेतलेला नाही.

२. कुंडिनपुरातील बाहुक

ग्रंथांनी जे फारसे सांगितले नाही त्याची जाण कथावाङ्मयाने ठेवलेली दिसते. महाभारतातील दोन कथा येथे विचारात घ्याव्या लागतात. विराटपर्वात नकुल हा राजपुत्र ग्रंथिक असे नाव धारण करून मत्स्यराजाच्या अश्वशाळेत नोकरीस राहतो. घोड्यांचा स्वभाव, त्यांचे शिक्षण आणि त्यांची चिकित्सा आपणास ठाऊक असल्याचे तो सांगतो. पुढे अश्वशास्त्राचे कर्तृत्व परंपरेने नकुलाकडे दिले. अश्वसेवकाचे ज्ञान ग्रंथात प्रविष्ट व्हावयाचे तर त्यास आधी राजपुत्राचे नाव मिळावे लागते, असा या घटनेचा अर्थ लावता येईल.

दुसरी कथा नलोपाख्यानाची. राज्यभ्रष्ट नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. विदर्भास एका दिवसात जावयाचे म्हणून तो दिसण्यात कृश असे घोडे निवडतो. राजा साशंक होतो, तेव्हा प्रचलित पाठानुसार बाहुक त्यांच्या अंगावरील आवर्त दाखवून आपल्या निवडीचे समर्थन करतो. हा डोळ्याचा पुरावा आहे, आणि मालकास पटणारा पुरावा हाच असतो. जुंपल्यावर घोडे गुडघ्यांवर कोसळतात तेव्हा मात्र बाहुक त्यांना शांत करतो आणि मगच रथ निघतो.

कथेतील पुढील प्रसंग कुंडिनपुरात, म्हणजे परंपरेने अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर मानल्या गेलेल्या विदर्भाच्या राजधानीत, घडतो. राजा मुक्कामी जातो. बाहुक रथशाळेत घोडे सोडतो, शास्त्राप्रमाणे त्यांची परिचर्या करतो, स्वतः त्यांना धीर देतो आणि मगच रथात बसतो. दीर्घ धावेनंतरची ही परिचर्या कथाकाराने टाळली असती तरी कथानकास बाध आला नसता. तरीही ती सांगितली गेली, कारण बाहुकाची ओळख पटविणाऱ्या गोष्टींत तिचाही वाटा आहे. त्यानंतर दमयंतीची दासी केशिनी त्याचे निरीक्षण करते आणि एक नवल सांगते : त्याने फुले हातांनी हळूहळू मर्दिली, तरी ती कोमेजली नाहीत, उलट अधिक टवटवीत आणि सुगंधी झाली. वराती घोड्याच्या लगामाजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे आज कोणी पाहत नाही. येथे केशिनी पाहते, आणि सेवकाच्या हाताच्या स्पर्शगुणावरून त्याची थोरवी ओळखली जाते. दाबावे आणि तरीही मोडू नये, हे मर्दनाचे मर्म या दृश्यात सांगितले आहे. मराठी आख्यानकाव्यात रघुनाथ पंडितांच्या रचनेने ही कथा घरोघर पोहोचविली. तिचा परिचित भाग मात्र हंसाचा आणि स्वयंवराचा राहिला, अश्वशाळेचा नव्हे.

मानवी अंगमर्दनाच्या बाबतीत परिस्थिती निराळी होती. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत संवाहनाचे कौशल्य गणले आहे. ‘मृच्छकटिका’तील संवाहक तर आपण ही विद्या कला म्हणून शिकलो आणि आता ती पोटाचा धंदा झाली, अशी खंत व्यक्त करतो. घोड्याचे संवाहन करणाऱ्यास असा उद्गार काढण्याची संधी संस्कृत नाटकाने दिलेली नाही.

३. बारगीर, शिलेदार आणि मोतद्दार

मराठ्यांच्या घोडदळाची रचना मालकीच्या प्रश्नावर उभी होती. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्यास सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत पागेची मोजदाद आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमला, आणि दर पंचवीस घोड्यांस एक पाण्याची पखाल व एक नालबंद अशी ती व्यवस्था होती. पाणी आणि नाल यांना स्वतंत्र माणूस नेमला गेला, याचा अर्थ घोड्याचे पोट आणि खूर यांचे महत्त्व सरकारदरबारी मान्य होते. चोळण्यासाठी मात्र त्या मोजदादीत वेगळा माणूस नाही. ते काम बारगिराच्या स्वतःच्या किंवा मोतद्दाराच्या दिनक्रमात मिसळून गेलेले होते.

शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकाच्या पूर्वार्धात चिपळूणजवळील हलवर्ण येथे छावणीस असलेल्या लष्करी अंमलदारांस पाठविलेले पत्र या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखे आहे. रयतेस त्रास देऊ नये, या आज्ञेसाठी ते प्रसिद्ध आहे. त्याच पत्रात पावसाळ्यासाठी साठविलेले दाणागवत जपून वापरण्याची ताकीद आहे. ते आधीच संपविले तर घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. जळता दिवा ठेवल्यास उंदीर वात पळवील आणि गवताची गंज पेटेल, इतक्या बारकाईने हा इशारा दिला आहे. येथे मालक म्हणजे छत्रपती. त्यांना चाऱ्यापासून दिव्याच्या वातीपर्यंतचा तपशील ठाऊक आहे आणि घोडा मेल्यास जबाबदारी कोणाची हे त्यांनी शंकेस जागा न ठेवता सांगितले आहे. मालकाच्या ज्ञानाचा इतका स्पष्ट दस्तऐवज मराठीत क्वचितच सापडेल.

शिलेदाराची स्थिती याहून नाजूक होती. त्याचा घोडा मेला की त्याची चाकरी बुडे. त्यामुळे घोड्याच्या पाठीवरची सूज किंवा पायातील लचक ही त्याच्या कुटुंबाच्या अन्नाची बाब होती. चारा मात्र मालिशाने भरून निघत नाही, हे १७६१ मध्ये पानिपतावर दिसले. कोंडी झालेल्या फौजेचे घोडे उपासमारीने खंगले, तेव्हा कोणत्याही सेवकाच्या हाताचा उपयोग होण्यासारखा नव्हता.

ही घोडदळाची परंपरा पूर्वेकडे छत्तीसगढात आली ती भोसल्यांबरोबर. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४१ मध्ये रतनपुरावर आले आणि पुढील वर्षी बंगालच्या मोहिमेस गेले. बंगालीत या स्वारांना ‘बर्गी’ हे नाव पडले, ते बारगीर या शब्दावरूनच. गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ (१७५१) या बंगाली काव्यात आणि लहान मुलांच्या अंगाईगीतांत बर्गी हा लुटारू म्हणून राहिला. एकच शब्द मराठीत नोकरीचा दर्जा सांगतो आणि बंगालीत भीतीचे नाव होतो, हे तौलनिक अभ्यासकांस परिचित आहे. त्यात एक भर घालता येते. बारगीर म्हणजे स्वतःचा घोडा नसलेला स्वार. बंगालच्या स्मृतीत जो घोड्यावरूनच ओळखला गेला, त्याच्या मालकीचा तो घोडा नव्हता.

बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूर येथून राज्य केले. त्यानंतर सुभ्यांचा अंमल आला आणि कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे या संज्ञा येथील कारभारात रुळल्या. १८१८ मध्ये ब्रिटिश अधिकारी ॲग्न्यू याच्या काळात मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तेव्हा या प्रदेशातील मराठी घोडदळाची राजकीय गरज संपली. कारभाराच्या संज्ञा कागदांत राहिल्या. घोड्याच्या अंगाची काळजी घेणाऱ्या हातांस कागद नव्हता. ते ज्ञान टांगेवाले आणि वरातीचे घोडेवाले यांच्याकडे जेवढे उतरले तेवढेच उरले.

४. शब्दांत उरलेला हात

मराठी भाषेने या ज्ञानाचा जो अंश जपला तो शब्दांच्या रूपाने. ‘खरारा’ हे घोड्याचे अंग घासण्याचे दातेरी साधन, आणि ‘खरारा करणे’ ही त्याची क्रिया. ‘मालिश’ हा शब्द फारसीतील चोळणे या अर्थाच्या धातूपासून आला. जुन्या मराठीत त्याचे ‘मालीस’ असे रूप आढळते. ‘चेपणे’ आणि हिंदीतील ‘चाँपना’ हे शब्द एकाच कुळातले मानले जातात. त्या हिंदी धातूच्या आज्ञार्थी रूपापासून इंग्रजीत ‘शॅम्पू’ हा शब्द गेला. पाटण्यास जन्मलेल्या दीन महंमदाने ब्रायटन येथे स्नानगृह चालविले आणि १८२२ मध्ये या विषयावर इंग्रजी पुस्तक लिहिले, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ अंग चेपणे असाच होता. पुढे तो केस धुण्यापुरता उरला. भारतीय सेवकाच्या हाताची क्रिया इंग्रजीत गेली आणि परतताना बाटलीतील द्रव होऊन आली.

शालिहोत्राचा प्रवासही भाषांतरांचाच आहे. पंधराव्या शतकात बहमनी दरबारी त्याचे फारसी रूपांतर झाले. फारसीवरून जोसेफ अर्ल्स याने केलेले इंग्रजी भाषांतर १७८८ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. रेख्तीसाठी प्रसिद्ध असलेला उर्दू कवी सआदत यार खान रंगीन याने ‘फरसनामा’ लिहिला आणि त्याचेही इंग्रजी भाषांतर १९११ मध्ये फिलट याने केले. ‘शालिहोत्र’ या नावाचे ‘सालोतरी’ होऊन तो शब्द घोड्याच्या देशी वैद्यास लागू झाला. ऋषीचे नाव अशा रीतीने कारागिराच्या धंद्याचे नाव बनले.

मराठी वाक्प्रचारांतील दोन उदाहरणे विशेष बोलकी आहेत. ‘गोम’ म्हणजे घोड्याच्या अंगावरील अशुभ मानलेली केसांची रेघ. तिच्यावरून ‘त्यातच तर गोम आहे’ ही उक्ती रूढ झाली. घोडे पारखणाऱ्या मालकाच्या डोळ्याने अशा रीतीने भाषेत कायमची जागा मिळविली. दुसरे उदाहरण ‘खोगीरभरती’चे. खोगिरात चिंध्या-चिरगुटे भरीत, म्हणून निरुपयोगी माणसांच्या किंवा मजकुराच्या भरण्यास हा शब्द लागला. घोड्याच्या बाजूने पाहिल्यास याच्या उलट आहे. खोगिराची भरती कोठे जाड आणि कोठे पातळ आहे यावरच त्याची पाठ शाबूत राहणे अवलंबून असते. भाषेने जे क्षुद्र ठरविले ते पाठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होते. मोतद्दाराने हा शब्द घडविला असता तर त्याचा अर्थ बहुधा वेगळा झाला असता.

५. क्रीडामालिश आणि मालकाचे उत्तरदायित्व

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विषय पाश्चात्त्य देशांत नव्याने मांडला गेला. अमेरिकन मालिशतज्ज्ञ जॅक मीगर याने १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशाच्या अश्वसंघाबरोबर काम केले. त्याचे घोड्यांच्या स्नायुविकारांवरील पुस्तक १९८५ मध्ये निघाले. मानवी खेळाडूंच्या स्नायूंविषयीचे अनुभव त्याने घोड्यास लावले. त्यानंतर या क्षेत्रात अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे आणि मालकांसाठीची मार्गदर्शक पुस्तके यांची वाढ झाली.

या मांडणीचा शारीर आधार असा. घोड्यास गळपट्टीचे हाड नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखे असते. शरीराचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या पायांवर येतो. त्यामुळे मान, खांदा आणि मादवण, म्हणजे मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा, यांच्या सभोवतालचे स्नायू सतत ताणाखाली असतात. उलट गुडघ्याच्या खालील भागात स्नायू जवळजवळ नसतात. तेथे कंडरा, अस्थिबंध आणि हाडे असतात. म्हणून मांडीवर जो दाब योग्य तो नळीवर योग्य नव्हे. पायाच्या खालच्या भागावर हात फिरवायचा तो मुख्यतः उष्णता, सूज किंवा दुखरेपणा ओळखण्यासाठी.

मर्दनाचा परिणाम किती, याविषयी संशोधन मर्यादित आहे. क्लॉडिया फे आणि द माझिएर यांनी १९९३ मध्ये कामार्ग जातीच्या घोड्यांवरील निरीक्षण प्रसिद्ध केले. घोडे परस्परांचे अंग जेथे खाजवितात, त्या मादवणाजवळच्या भागी हाताने तशीच क्रिया केल्यास हृदयाचे ठोके मंदावतात, असे त्यांस आढळले. २००४ मध्ये ब्रिटनमधील घोडेस्वारी-शाळेच्या तट्टांवर झालेल्या लहान प्राथमिक अभ्यासातही अशाच दिशेचा निष्कर्ष निघाला. घोडा शांत होतो, यास अशा रीतीने आधार आहे. वेग वाढतो किंवा जुना लंगडेपणा बरा होतो, असे दावे मात्र त्याच बळावर करता येत नाहीत.

मालकाने जाणावयाच्या गोष्टींत म्हणूनच ‘केव्हा चोळू नये’ हे प्रथम येते. ताप असताना, उघडी जखम किंवा ताजी सूज असताना, कंडरा दुखावल्याची शंका असताना मर्दन करू नये. कामानंतर पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे कडक झाले, घोडा हलेनासा झाला आणि लघवी गडद रंगाची झाली, तर स्नायूंचा ऱ्हास होत असण्याचा संभव असतो. तेव्हा त्यास चालवू नये, चोळू नये, पशुवैद्यास तातडीने बोलवावे. त्वचेवर बुरशीचे चट्टे असल्यास एकाचा खरारा दुसऱ्यास वापरू नये. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसास होऊ शकतो, आणि त्याचा पहिला धोका मालकास नसून मोतद्दारास असतो. निदान आणि उपचार हे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ अन्वये नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम आहे. मालिश करणारा कितीही निपुण असला तरी तो त्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट कारणांची. पाठ वारंवार दुखत असेल तर खोगीर, दात, नाल आणि स्वाराची बैठक यांची तपासणी आधी व्हावी. बसत नसलेले खोगीर तसेच ठेवून पाठ चोळत राहणे म्हणजे दुखण्याचे कारण कायम ठेवून लक्षण झाकणे होय. तिसरी गोष्ट घोड्याच्या उत्तराची. डोके खाली येणे, ओठ सैल पडणे, डोळा अर्धवट मिटणे ही संमतीची चिन्हे. कान मागे पडणे, शेपटी झटकणे, कातडी थरथरणे, दात दाखविणे ही नकाराची. हा नकार खोड म्हणून गणला जातो, तेव्हा मर्दनातून मिळणारी माहितीच वाया जाते. नित्य चोळणाऱ्या हातास कालचे आणि आजचे अंग यांतील फरक कळतो. मर्दनाचा कदाचित सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

चौथी गोष्ट तेलामलमांची. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँग येथे झाल्या. त्यांत चार घोड्यांच्या तपासणीत कॅप्सायसिन हे मिरचीतील तिखट द्रव्य आढळले आणि ते घोडे स्पर्धेबाहेर झाले; पुढे नॉर्वेच्या संघाचे कांस्यपदकही गेले. हे द्रव्य वेदनाशामक मलमांत असते, तसेच त्वचा हुळहुळी करण्यासाठीही त्याचा गैरवापर होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशा प्रसंगी मुख्यतः स्वारास जबाबदार धरतात; मलम कोणी चोळले, हा बचाव पुरेसा ठरत नाही. कौटिल्याच्या व्यवस्थेत दंड खाली सेवकाकडे जात असे. आधुनिक व्यवस्थेत तो वर गेला आहे. अश्वमर्दनाच्या इतिहासातील हे मोठे स्थित्यंतर मानावे लागेल.

६. समारोप

महाराष्ट्रात घोडा आजही निव्वळ भूतकाळ नाही. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. भीमथडी या दख्खनी जातीची देशी अश्वजात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. बेळगाव जिल्ह्यातील अंकली येथून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी आळंदीस पायी येतात आणि ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखी सोहळ्यात चालतात. रिंगणात धावणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार नसतो. तो माउलींचा अश्व. तेथे मालकी संतांची मानली जाते आणि टापांखालची माती लोक कपाळास लावतात. तरीही मुक्कामी त्या अश्वाचे पाय पाहणारा कोणीतरी देहधारी माणूसच असतो. श्रद्धेने मालकी बदलते, देखभालीची गरज बदलत नाही.

या सर्व पुराव्यांवरून एक क्रम दिसतो. किक्कुलीच्या ग्रंथात हात स्वतःच्या नावाने बोलला. पुढे शास्त्र राजपुत्राच्या आणि ऋषीच्या नावावर गेले आणि हात मूक झाला. मराठेशाहीत त्याच्यावर राज्याचा भार होता, पण त्याची नोंद नव्हती. आधुनिक क्रीडामालिशाने त्याला प्रमाणपत्र दिले. ते प्रमाणपत्र घेणारे आणि आपल्या तबेल्यांत पिढीजात राबणारे मोतद्दार हे बहुधा वेगवेगळ्या वर्गांतले लोक आहेत. म्हणून मालकाने बाहेरचा तज्ज्ञ बोलाविण्यापूर्वी आपल्या घोड्यास रोज हात लावणाऱ्या माणसास विचारले पाहिजे, त्याच्या निरीक्षणाची नोंद ठेवली पाहिजे आणि स्वतःचाही हात घोड्याच्या पाठीवर ठेवला पाहिजे. भारतीय पशुक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० आणि ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम कामाच्या तासांना मर्यादा घालतात. त्या मर्यादेच्या आत जनावराला काय वाटते, हे मात्र केवळ स्पर्शानेच कळते.

समता कॉलोनीतील वरात ज्या घोडीने नेली तिच्या पाठीचा प्रश्न या इतिहासाशी जोडलेला आहे. तिला भाड्याने आणणारा यजमान त्या रात्रीपुरता तिचा उपभोक्ता असतो, मालक कोणी दुसराच असतो आणि लगाम तिसऱ्याच्या हाती असतो. बारगिराच्या पागेतील जबाबदारीची विभागणी येथे नव्या रूपाने परत आली आहे. फरक इतकाच की चिपळूणच्या छावणीस पत्र लिहून घोडी मेल्यास ती तुम्हीच मारली असे बजावणारा धनी आता नाही. ते बजावणे आज घोडा पाळणाऱ्या, भाड्याने देणाऱ्या आणि भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःसच करावयाचे आहे.